सात नंबरची मान

८ एप्रिल, मंगळवार. नळाला पाणी आले नाही, हौदातले वापरले. गच्चीवरच्या गुलाबाची टोपलीभर फुले निघाली. अर्काची भांडी माळ्यावरून काढली. धुताना मान हातातून निसटली, मोरीच्या कडेवर आपटून मोडली. चंबू व कंडेन्सर शाबूत. रजिया रविवारी हैदराबादला जाणार, नक्की झाले. ऊन फार.

एवढं लिहून सुमनबाई हनमंते यांनी पेनाला टोपण लावलं, परत काढलं, ‘मान’ या शब्दाखाली रेघ मारली आणि पुन्हा लावलं. मग उठून मोरीत गेल्या. काचा दुपारीच उचलल्या होत्या, तरी वाकून फरशी चाचपडून पाहिली. बाहेर येऊन खुर्चीत बसल्या. पंख्याचं बटण एकानं वाढवलं. पुन्हा उठल्या.

डायरीत ‘काय वाटलं’ ते लिहायची त्यांना सवय नव्हती. वडील रेल्वेत फिटर होते. छप्पन साली धम्म घेतला आणि त्याच जिद्दीनं मुलीला सिकंदराबादच्या कॉन्व्हेंटात घातलं. तिथल्या सिस्टर रोज संध्याकाळी मुलींकडून डायरी लिहून घ्यायच्या. दिवसभरात जे झालं ते लिहा, मनात काय आलं ते प्रार्थनेत सांगा, असा त्यांचा दंडक. सुमनबाईंची प्रार्थना वेगळी, सिस्टरांची वेगळी. पण डायरीचा दंडक लग्न होऊन देगलूरला आल्यावर, मग नांदेडला घर बांधल्यावर, आणि मिस्टर गेल्यानंतरही मोडला नव्हता. त्यामुळं आज मोडली ती फक्त मान, असंच डायरीवरून कुणालाही वाटलं असतं.

मान म्हणजे काचेची वाकडी नळी. चंबूत गुलाबाच्या पाकळ्या आणि पाणी उकळायचं, वाफ वर चढून मानेतून वळायची, कंडेन्सरच्या थंड नळीत शिरायची आणि थेंब थेंब होऊन बाटलीत उतरायची. मान नाही तर चंबू म्हणजे नुसता काचेचा तांब्या. ही भांडी मिस्टरांची. रामकिशन हनमंते देगलूरच्या कॉलेजात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत होते. कॉलेजनं निजामाच्या काळातलं जुनं सामान भंगारात काढलं तेव्हा त्यांनी हा संच गवतात गुंडाळून घरी आणला. तेव्हापासून दर उन्हाळ्यात अंगणात गुलाबपाणी निघायचं आणि एक बाटली समोरच्या रजियाकडं जायची.

रजिया आयुष्यभर शिलाई मशीनवर बसलेली. संध्याकाळी डोळ्यांची आग व्हायची, की कापसाचे बोळे गुलाबपाण्यात भिजवून डोळ्यांवर ठेवायची आणि ओट्यावर आडवी व्हायची. तिचे तय्यबमियाँ होते तोवर ते हसायचे, “बघा, मेमसाहेब झोपल्या.” आता तय्यबमियाँ नाहीत, हनमंतेसर नाहीत. रजियाचा मुलगा मुनीब हैदराबादला नोकरीला. ईद झाली तसं त्यानं सांगून टाकलं, अम्मी, आता एकटं राहायचं नाही.

“ऐतवारी सकाळी गाडी येणार म्हणतो,” रजियानं दुपारी येऊन सांगितलं होतं. “सोमवारी तुमची जयंती. म्हटलं, खीर खाऊन मंगळवारी जाते रे. तर म्हणतो, सुट्टी ऐतवारपर्यंतच हाय.”

“तुझी बाटली देते भरून,” सुमनबाई म्हणाल्या होत्या. “तिकडं कुठं मिळायचं तुला असलं.”

“हैदराबादेत गुलाबपाणी मिळत न्हाई म्हणायलीस? अल्ला!” रजिया हसली. मग म्हणाली, “दे बाई. तुझंच दे.”

आणि रजियाची पाठ वळल्यावर तासाभरात मान मोडली.

मोडक्या मानेचं एकच टोक धड राहिलं होतं. चंबूच्या तोंडात बसतं ते, बोटाएवढं, घासून पांढुरकं केलेल्या काचेचं. त्यावर बारीक आकडा कोरलेला होता: ७. सुमनबाईंनी कपाटातून जुनी डायरी काढली. मिस्टर गेले त्या वर्षी, सहा वर्षांपूर्वी, त्यांनी घरातल्या एकूण एक वस्तूची नोंद केली होती. अर्काच्या भांड्यांपुढं त्यांच्याच गोल अक्षरात लिहिलं होतं: मान, माप ७. त्यांचा जीव थोडा भांड्यात पडला. माप माहीत असल्यावर काय, बाजारात मिळेल.

*

बुधवारी ऊन चढायच्या आत त्या रिक्षानं वजिराबादच्या बाजारात गेल्या. ते टोक रुमालात, रुमाल पर्समध्ये, पर्स पोटाशी. शाळा-कॉलेजला प्रयोगशाळेचं सामान पुरवणारं एक दुकान त्यांना माहीत होतं. दुकानाचा मालक बसवंत नुकताच अगरबत्ती फिरवत होता.

“सात नंबरची मान पाहिजे,” सुमनबाई म्हणाल्या.

“मान?”

“चंबूला लावायची. माप सात.”

बसवंतनं रुमालातलं टोक उजेडात धरलं, फिरवलं, अंगठ्यानं चाचपडलं. “सात न्हाई येत मावशी ह्यात. बी-चौदा येतं, बी-एकोणीस येतं, बी-चोवीस येतं. हे चोवीस दिसायलं. पण माझ्याकडं मान न्हाई, सांगून मागवावी लागंल.” मग त्यानं आवाज बारीक केला. “घरी काय काढायलाव? मोहाची का?”

“गुलाबाची,” सुमनबाई म्हणाल्या. शाळेत मागच्या बाकावरच्या मुली हसल्यावर सिस्टर ज्या नजरेनं बघायच्या ती नजर त्यांनी बसवंतला दिली. “आणि माप सातच आहे. लिहिलेलं आहे.”

“हाव मावशी, लिहिलेलं असंल. पण मिळणार न्हाई. मागवलं तर बुधवार उजाडंल पुढचा. तुम्ही लातूरला का बघत न्हाई? तिथं क्लासेसवाले, कॉलेजवाले, ढीगभर दुकानं.”

आणखी दोन दुकानं पालथी घातली. एकानं प्लॅस्टिकची नळी दाखवली. दुसऱ्यानं औषधाची बाटली आणि वर रबरी बूच. सुमनबाईंना रबराचा वास नको होता. गुलाबपाण्याला एकदा रबर लागलं की ते गुलाबपाणी राहत नाही, असं मिस्टर म्हणायचे. भर दुपारी त्या घरी आल्या तर रजिया दारात. तिच्या हातात स्टीलचा डबा.

“कुठं गेल्तीस उन्हातान्हात? दालचा आणलाय. मुनीब आलाय, माझं सामान बांधायलं पोरगं, मला म्हणतं अम्मी बाजूला बसा. म्हटलं, सुमनकडं बसते.”

“बस ना,” सुमनबाई म्हणाल्या आणि स्वतः बसल्या नाहीत. मंगळवारच्या फुलांना मान नसल्यामुळं गुलकंदात जावं लागणार होतं. त्या उभ्या उभ्या पाकळ्या सुट्या करत राहिल्या, साखर आणायला आत गेल्या, बरणी आणायला पुन्हा गेल्या. रजिया काहीतरी सांगत होती, मुनीबच्या घराला लिफ्ट आहे आणि तिला लिफ्टची धास्ती वाटते असं काही. सुमनबाईंचं चित्त लातूरच्या दुकानांत.

“ऐकायलीस का?”

“हो हो. लिफ्ट.”

“लिफ्टचं होऊन गेलं कवाच. आता मी शेजारणीचं सांगायले.”

*

गुरुवारी सकाळच्या लातूर गाडीनं त्या निघाल्या. कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर रजियानं जाऊ दिलं नसतं. पंच्याहत्तरी झाल्यापासून एसटी फुकट, पण खिडकीची जागा फुकटात मिळत नाही. ती त्यांनी रांगेत पुढं घुसून मिळवली. लोहा गेलं, अहमदपूर गेलं, चाकूर आलं. प्रत्येक थांब्यावर गाडी जरा जास्तच थांबते असं त्यांना वाटत होतं. पर्स उघडून रुमाल चाचपायचा, परत बंद करायची. शेजारची बाई शेवटी म्हणाली, “आजी, सोनं हाय का?”

लातूरला क्लासेसच्या बाजूला, झेरॉक्स आणि पोहे-चहाच्या गाड्यांच्या मागं, शिवशंकर नावाच्या गृहस्थांचं दुकान सापडलं. दुकान कसलं, काचेचं रान. भिंतभर चंबू, नळ्या, लांब मानेची भांडी. सुमनबाईंचा श्वास मोकळा झाला. इथं नसेल तर कुठं असेल.

शिवशंकर साठीचे, कपाळावर विभूती, बोलणं सावकाश. त्यांनी टोक घेतलं, फळीवरून बी-चोवीसचं नवं भांडं काढलं आणि त्याच्या तोंडात बसवून पाहिलं. बसलं. मग त्यांनी ते बोटानं हलवलं. काच काचेवर किरकिरली.

“डुगडुगतंय.”

एकोणीसच्या भांड्यात ते शिरेनाच. परत चोवीस, दुसऱ्या कंपनीचं. तेही डुगडुगलं.

“वाफ निघून जाईल आजी ह्यातनं. तुमचं भांडं कुठलं हाय?”

“निजामाच्या काळातलं. माप सात आहे त्याचं, नीट बघा, कोरलेलं आहे.”

“हे माप नसावं वाटूलालंय. चंबूवर काय आकडा हाय?”

“सातच.”

हे बोलून सुमनबाई थबकल्या. चंबूवर सात. मानेच्या खालच्या टोकाला सात. पण मानेच्या वरच्या टोकाला, कंडेन्सरकडच्या, चार होतं. आणि कंडेन्सरच्या तोंडाला चार. दोन्ही तोंडं जवळजवळ सारखीच रुंद. सात आणि चार ही मापं असती तर एक केवढं मोठं हवं होतं! आणि मग मिस्टरांचा आवाजच कानात आला. अंगणात स्टँड लावताना ते दर वर्षी ओरडायचे, “सातला सात दे गं! चारला चार!” त्या आकडे बघून तुकडे हातात द्यायच्या. इतकी वर्षं.

“जोडीनं घासलेलं आहे हे,” त्या हळू म्हणाल्या. “एकमेकांत घालून, फिरवून फिरवून. आकडा जोडीचा आहे. सात नंबरचं तोंड एकालाच बसणार.”

“हाव,” शिवशंकर म्हणाले. “बरोबर बोललाव. पूर्वी तसंच करायचे, मशीन कुठं होती. एक फुटलं की दुसरं रांडाव.” मग समोर कोण आहे ते त्यांच्या ध्यानात आलं. त्यांनी कानाला हात लावला. “माफ करा आजी. बोलायची आमची रीत अशी.”

“असू द्या. खरंच आहे ते.”

“आता एक नवं घेऊन भागत न्हाई. मान नवी घेतली तर चंबू नवा लागतो, अन् पलीकडं कंडेन्सर बी. बदलायचं तर तिन्ही बदला. मग त्यातलं कधी काय बी फुटलं तरी सुटं मिळंल, कुठल्या बी गावात.”

“नको,” सुमनबाई एकदम म्हणाल्या. “मला तिन्ही नको आहेत. मला फक्त मान हवी होती.” आणि टोक रुमालात गुंडाळून त्या बाहेर पडल्या.

रस्त्यावर ऊन नुसतं ओतत होतं. त्या बसस्टँडच्या दिशेनं चालायला लागल्या, थांबल्या, उलट्या वळल्या, एका झेरॉक्सच्या दुकानाच्या सावलीत उभ्या राहिल्या. पोरं-पोरी पाठीवर दप्तरं घेऊन लोंढ्यानं चाललेली. रिकाम्या हातानं परत जायचं तर रजियाची बाटली गेली. नवा संच घ्यायचा तर अंगणात स्टँडवर चढणार ते काचेचं भांडं मिस्टरांच्या हाताखालून गेलेलं नसणार, आणि जुनं परत माळ्यावर जाईल, जोडी मोडलेलं. इकडंही मन जाईना, तिकडंही जाईना. तेवढ्यात पर्समध्ये फोन वाजला.

“कुठं हायस?” रजियाचा आवाज.

“लातूरला.”

रजिया म्हणाली, “वा. मी तुझ्या ओट्यावर बसलेय. तुझ्या कुलपाशी गप्पा मारायले. लई चांगलं हाय कुलूप, तुझ्यावाणी इकडंतिकडं उठत न्हाई, मी काय बोलले ते ऐकून घेतं.”

“अगं, तुझ्याच बाटलीसाठी आले इकडं. मान फुटली म्हणून...”

“मला कळलंय मान फुटली. कचऱ्याच्या डब्यातल्या काचा मी बघितल्या न्हाईत का काल? तू तोंडानं सांगशील म्हणून गप बसले. आता सांग, मिळाली का?”

“नाही.”

“मग काय मिळालं?”

सुमनबाईंनी मागं वळून काचेच्या रानाकडं पाहिलं. “संध्याकाळी येते,” त्या म्हणाल्या, आणि परत दुकानात शिरल्या.

येताना मांडीवर खोकं. कंडक्टर म्हणाला, “मावशी, वर ठेवा की.” त्यांनी मान हलवली. “खाली ठेवा मग.” त्यांनी परत मान हलवली. “बाळ हाय का काय त्यात?” सगळी गाडी हसली. सुमनबाईही हसल्या, पण खोक्याभोवतीचे हात सैल केले नाहीत.

*

शनिवारी पहाटेच गच्चीवरची फुलं तोडली. तेवढी पुरेनात म्हणून गुरुद्वाऱ्याच्या बाजूच्या फुलवाल्याकडून गावठी गुलाब आणले. अंगणात शेगडी, वर जाळी, जाळीवर नवा चंबू. गल्लीच्या तोंडाला पोरं जयंतीच्या पताका बांधत होती. निळी दोरी आणि शिडी घेऊन त्यांची आरडाओरड चाललेली.

नवी मान चंबूत बसली ती इतक्या सहज, की सुमनबाईंना विश्वास वाटेना. काढून परत बसवली. सात नाही, चार नाही, काही शोधायचं नाही. त्यांना त्याचा थोडा रागच आला. थंड पाण्यासाठी जुनी रबरी नळी मात्र नव्या कंडेन्सरच्या टोकांवर घट्ट बसली.

“चला, एक तरी पाहुणा ओळखीचा निघाला,” रजिया म्हणाली. ती पाटावर बसून पाकळ्या निवडत होती. बादलीत बर्फ टाकायचं काम पहिल्यापासून तिचं. तय्यबमियाँ बर्फ आणायचे, ती फोडायची. आज मुनीबनं आणून दिला होता.

सुमनबाईंनी शेगडी मोठी केली. चंबूत पाकळ्या खळाखळा उकळायला लागल्या, रंग सोडून पांढऱ्या पडल्या. कंडेन्सरच्या टोकाला पहिला थेंब जमला, लोंबला, पडला. मग थेंबामागं थेंब, मग जवळजवळ धार. सुमनबाई घड्याळाकडं बघत, बाटलीकडं बघत, मधेच पाणी तपासत, मधेच आत जाऊन बाटलीचं बूच शोधत. अर्धी बाटली भरली तसा त्यांनी कापूस भिजवून रजियाच्या नाकाशी धरला.

रजियानं डोळे मिटून वास घेतला. उघडले.

“खरं सांगू?”

“सांग.”

“सरांच्यापेक्षा फिक्कं हाय.”

सुमनबाईंचा चेहरा उतरला. “नवी काच आहे. मला वाटलंच होतं. जुन्यातच...”

“काचेला काय करायलीस दोष?” रजियानं हात शेगडीकडं केला. “आच बघ की. वणवा पेटवलास. सर बसायचे ना शेगडीपाशी, पेपर वाचत, दोन-दोन तास? त्यांची वात दिसायची बी न्हाई. आच कमी कर गे. तुला कुठली गाडी पकडायचीय? गाडी तर मला पकडायचीय.”

सुमनबाई उभ्याच होत्या. हातात बूच, ओला कापूस. मग त्यांनी वाकून शेगडीचं बटण फिरवलं, फिरवत फिरवत अगदी निळा ठिपका उरेपर्यंत. चंबूतला खळखळाट शांत झाला. त्यांनी फिक्कं पाणी दुसऱ्या भांड्यात ओतून ठेवलं, चंबूत ताज्या पाकळ्या आणि पाणी घातलं, मान बसवली, आणि दुसरा पाट ओढून रजियाच्या शेजारी बसल्या. मंगळवारपासून पहिल्यांदा बसल्यासारख्या बसल्या.

थेंब आता फार सावकाश येत होते. एक पडला की दुसऱ्याची वाट बघावी लागे.

“लिफ्टचं काय म्हणत होतीस?” सुमनबाई म्हणाल्या.

“आता विचारायलीस?”

“आता ऐकायला बसले.”

मग रजियानं लिफ्टचं पहिल्यापासून सांगितलं. मुनीबच्या घरी गेल्या खेपेला दार बंद झाल्यावर तिला बटण कळेना, ती वर जाऊन खाली आली, परत वर गेली, शेवटी एका पोरीनं हात धरून बाहेर काढलं. सांगताना ती हसत होती. हसता हसता म्हणाली, “तिथं ओटा न्हाई गे. खाली बसायला जागाच न्हाई.” सुमनबाईंनी तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. रजियानं बादलीत बर्फाचा तुकडा टाकला. गल्लीच्या तोंडाला पताका वर चढली, पोरांनी जयघोष केला.

दुसऱ्या खेपेची बाटली तयार झाली तेव्हा उन्हं भिंतीवर गेली होती. कापूस भिजवून रजियानं नाकाशी नेला, मग दोन बोळे डोळ्यांवर ठेवले आणि पाटावरच भिंतीला टेकली.

“मेमसाहेब झोपल्या,” सुमनबाई म्हणाल्या.

रजियाच्या डोळ्यांवरचे बोळे हलले. ती हसत होती की काय, ते बोळ्यांमुळं कळलं नाही.

रविवारी सकाळी गाडी आली. मुनीबनं सामान मागं भरलं. बाटली मागं ठेवायला रजियानं दिली नाही. मांडीवर घेऊन बसली, दोन्ही हातांनी धरून. “फुटली तर?” मुनीब म्हणाला.

“फुटली तर सुमन परत लातूरला जाईल,” रजिया म्हणाली. “तिला काय, एसटी फुकट हाय.”

गाडी वळणावर दिसेनाशी झाली. सुमनबाई घरात आल्या. दिवसभर घर आवरत राहिल्या. भांडी पुसली, नवा संच खोक्यात ठेवला, खोकं माळ्यावर न टाकता कपाटात खालच्या खणात ठेवलं. संध्याकाळी दिवा लावून वंदना झाल्यावर त्या डायरीशी बसल्या. सहा वर्षांपूर्वीच्या नोंदीत ‘माप’ खोडून ‘जोड’ लिहिलं. मग आजचं पान काढलं.

१३ एप्रिल, रविवार. नळाला पाणी आले, हौद भरला. रजिया सकाळी गेली. सोबत गुलाबपाणी एक बाटली, गुलकंद एक बरणी. उद्याच्या खिरीचे दूध सांगितले. जुना चंबू धुऊन उन्हात वाळवला, त्यात ओवा भरला. तोंडाला मोडक्या मानेचे टोक बसवले, वर कापडाचा बोळा घातला. घट्ट बसते.